वेगाच्या नोंदी ठेवणारे वेब-साधन सुधारायचे आहे? कोडस्पीडपासून सुरुवात कशी करावी

एखादा प्रोग्रॅम आज किती वेळ घेतो हे कोणालाही मोजता येते. तो मागच्या दिवाळीपेक्षा हळू झाला आहे का, आणि झाला असल्यास नेमक्या कोणत्या बदलापासून झाला, हे सांगण्यासाठी मात्र प्रत्येक बदलानंतरची मोजणी एकाच पद्धतीने करून एका जागी जपून ठेवावी लागते. कोडस्पीड हे असे काम करणारे मुक्त स्रोत वेब-साधन आहे. ते पायथॉन भाषेत, जँगो या चौकटीवर लिहिलेले असून पायपाय आणि सीपायथॉन या पायथॉन चालवणाऱ्या दोन्ही प्रकल्पांची वेग दाखवणारी संकेतस्थळे त्यावर उभी राहिली. त्याच्या कोडचा आवाका इतका बेताचा आहे की अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी दोन-तीन रविवारांत तो पूर्ण वाचू शकतो, म्हणूनच नाशिकच्या गंगापूर रोडवर आम्ही काही जण रविवारी सकाळी जमतो तेव्हा नव्याने येणाऱ्यांच्या हाती पहिल्यांदा हेच देतो.

नवख्या माणसाला पहिला मोह होतो तो आलेखाचे रंग बदलण्याचा. तो मोह काही दिवस आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आलेखावरचा एखादा ठिपका वर गेलेला दिसला की पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात: हा ठिपका कुठून आला, आणि तो खरा आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे आज मिळतात त्यापेक्षा लवकर मिळू लागली, तर साधन सुधारले असे म्हणावे. पुढच्या पायऱ्यांचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

पायरी पहिली: साधन आपल्या संगणकावर चालवून पाहणे

रिपॉझिटरी (कोडचा साठा) स्वतःच्या खात्यावर फोर्क करून, म्हणजे तिची स्वतंत्र प्रत करून घ्यावी, वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजेसची वेगळी जागा) तयार करावे आणि रीडमी फाइलमध्ये दिलेल्या जँगोच्या आवृत्तीशी आपली आवृत्ती जुळते का हे आधी पाहावे. सुरुवातीला येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक इथेच असतात. सोबत एक नमुना प्रकल्प दिलेला असतो. त्यात मायग्रेशन (डेटाबेसची कोष्टके तयार करणाऱ्या किंवा बदलणाऱ्या पायऱ्या) चालवून चाचणीसाठी पुरवलेला डेटा भरावा, प्रशासकाचे खाते उघडावे आणि सर्व्हर सुरू करावा. सुरुवातीला डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट पुरेसे आहे.

त्यानंतर तीन पाने नीट पाहावीत. बदलांच्या पानावर ताज्या कमिटची (नोंदवलेल्या बदलाची) मागच्या कमिटशी तुलना दिसते, कालरेषेच्या पानावर एकाच बेंचमार्कचा (वेग मोजणाऱ्या ठरावीक चाचणीचा) प्रवास दिसतो, आणि तुलनेच्या पानावर वेगवेगळे एक्झिक्युटेबल शेजारी-शेजारी मांडता येतात. पहिल्या दिवशी कोडला हात लावू नये. प्रत्येक पान उघडून, पाहताना पडलेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहून ठेवावा. साधनाची सवय झाली की हे प्रश्न पुन्हा पडत नाहीत, आणि जुन्या वापरकर्त्यांना न दिसणाऱ्या त्रुटी नेमक्या त्यांतच असतात.

पायरी दुसरी: एक नोंद म्हणजे काय, हे कागदावर काढणे

कोडस्पीडला एक मोजणी पाठवताना सात गोष्टी सांगाव्याच लागतात: कमिटची ओळख, ब्रँच (कोडची शाखा), प्रकल्प, एक्झिक्युटेबल, बेंचमार्क, एन्व्हायर्नमेंट आणि मोजलेली किंमत. प्रमाण विचलन, किमान व कमाल किंमत आणि तारखा या ऐच्छिक आहेत. या सात गोष्टींची कोष्टके कागदावर काढून कोणते कोष्टक कोणाकडे बोट दाखवते ते बाणांनी जोडावे. हे चित्र मनात बसल्याशिवाय पुढचे काहीही नीट कळत नाही.

एक्झिक्युटेबल आणि एन्व्हायर्नमेंट यांत हमखास गोंधळ होतो. एकच प्रकल्प दोन पर्यायांनी बांधला, उदाहरणार्थ पायपाय जिटसह (चालतानाच कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या भागासह) आणि जिटशिवाय, तर ती दोन एक्झिक्युटेबल झाली. एन्व्हायर्नमेंट म्हणजे मोजणी ज्या यंत्रावर झाली ते यंत्र. गोदाघाटावर पुराचे पाणी आले की आपण दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून पूर किती मोठा हे ठरवतो. २०१६ आणि २०१९ च्या पुरांची तुलना घरी बसून करता येते, ती मूर्ती जागची हललेली नाही म्हणून. मोजणीचे यंत्र हा आपला मारुती आहे. त्याची रॅम बदलली, प्रोसेसर बदलला किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली, तर ते नवे एन्व्हायर्नमेंट मानून वेगळ्या नावाने नोंदवावे. आधीच्या रेषेला नवे ठिपके जोडू नयेत.

कोडस्पीड लिहिणाऱ्यांनी ही बाब गंभीरपणे घेतलेली दिसते, कारण एन्व्हायर्नमेंटचे नाव आधी प्रशासकाच्या पानावरून भरलेले नसेल तर पाठवलेली नोंद नाकारली जाते. बेंचमार्क आणि एक्झिक्युटेबलच्या बाबतीत मात्र तसे होत नाही. नाव ओळखीचे नसेल तर ते मुकाट्याने नव्याने तयार केले जाते, आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले तरी त्या बेंचमार्कची रेषा तिथे तुटून शेजारी दुसरी रेषा सुरू होते. नवख्याला पहिली सुधारणा म्हणून हे काम मी नेहमी सुचवतो. नाव नवे असेल तर उत्तरात इशारा द्यावा, किंवा जवळचे जुने नाव सुचवावे. बदल दहा-पंधरा ओळींचा असतो, पण त्यासाठी नोंद स्वीकारणारा सगळा मार्ग वाचावा लागतो.

आणखी एक लहान खूण ध्यानात ठेवावी. प्रत्येक बेंचमार्कपाशी ‘कमी किंमत म्हणजे चांगले’ अशी एक निवड असते. सेकंद मोजत असाल तर ती बरोबर आहे, पण दर सेकंदाला किती विनंत्या हाताळल्या हे मोजत असाल तर ती काढावी लागते, नाहीतर प्रगती लाल आणि घसरण हिरवी दिसते.

पायरी तिसरी: स्वतःची खरी मोजणी पाठवणे

पुरवलेल्या नमुना डेटावर काम करून साधनाचे दोष कळत नाहीत. त्यासाठी स्वतःचा एखादा लहान प्रोग्रॅम हवा. आम्ही वापरतो तो प्रोग्रॅम दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांच्या हवामानाच्या नोंदी वाचतो आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पाने सलग किती तास ओली राहिली हे काढतो, कारण डाऊनी या रोगावरच्या फवारणीचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. त्याचे तीन बेंचमार्क आहेत: फाइल वाचणे, ओल्या तासांची बेरीज आणि अहवाल तयार करणे. तुमचा प्रोग्रॅम कोणताही असू द्या, पण गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातल्या त्याच्या इतिहासात निदान पन्नासेक कमिट असावेत.

वेळ मोजताना भिंतीवरच्या घड्याळासारखे चालणारे फंक्शन वापरू नये, कारण इंटरनेटवरून वेळ जुळवली जाताना ते घड्याळ मागे-पुढे होऊ शकते. पायथॉनमध्ये ३.३ आवृत्तीपासून खास कालावधी मोजण्यासाठीचा पर्फ काउंटर उपलब्ध आहे. त्याहून बरे म्हणजे पायपर्फ हे पॅकेज. ते सीपायथॉनवर एका बेंचमार्कसाठी मूळ मांडणीप्रमाणे २० स्वतंत्र प्रोसेस सुरू करते आणि प्रत्येकीत एक फेरी सरावाची सोडून ३ किमती मोजते, म्हणजे एकूण ६० किमती हाती येतात.

एकाच प्रोसेसमध्ये साठ वेळा मोजले तर काय बिघडते, असा प्रश्न दर वेळी कोणीतरी विचारतो, आणि तो विचारलाच पाहिजे. पायथॉन ३.३ पासून हॅशचे बीज, म्हणजे डिक्शनरीसारख्या रचनांत मजकुराची जागा ठरवणारा यादृच्छिक आकडा, प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळे असते. मेमरीतील पत्तेही ऑपरेटिंग सिस्टिम दर वेळी हलवते. त्यामुळे एक प्रोसेस नशिबाने वेगवान निघाली तर तिच्या आतल्या साठही किमती वेगवान दिसतात आणि आपण फसतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तर असे दाखवले गेले की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रॅमला देते त्या नाव-किमतींच्या जोड्यांचा) एकूण आकार किंवा फाइली लिंक करण्याचा क्रम बदलला तरी मोजलेला वेग बदलतो. प्रोग्रॅमच्या एकाही ओळीला हात न लावता!

आता नाशिकच्या हवेविषयी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे सरकतो, आणि गच्चीवरच्या खोलीत दुपारी चालवलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो. सकाळी सात आणि दुपारी तीन या वेळांच्या मोजण्यांत दिसणारा फरक मग कोडचा राहत नाही. आम्ही स्वतः असे दोन रविवार वाया घालवले आहेत. बेरजेचा बेंचमार्क अचानक हळू झाला म्हणून चौघांनी मिळून कोड पिंजून काढला आणि शेवटी कळले की त्या दिवशी वीज गेली होती व लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. तेव्हापासून एक जुना डेस्कटॉप फक्त मोजणीसाठी ठेवला आहे. त्याचा टर्बो बूस्ट (प्रोसेसरने मध्येच आपोआप वेग वाढवणे) बंद केलेला असतो, प्रोसेसरचा वेग स्थिर ठेवलेला असतो आणि मोजणी पहाटे होते. पायपर्फमध्ये यंत्र अशा स्थितीत आणणारी एक आज्ञा आहे. ती लिनक्सवर प्रशासकाच्या हक्काने चालवावी.

एवढे झाल्यावर एकच कमिट दहा वेळा मोजावा आणि दहाही निकाल लिहून काढावेत. कोड तोच असूनही ते सारखे येणार नाहीत. त्यांच्यातला फरक हा तुमच्या यंत्राचा गोंगाट, आणि हा आकडा माहीत नसताना पुढची कोणतीही सुधारणा करणे म्हणजे अंधारात नेम धरणे होय.

पायरी चौथी: संथ पानाचा माग काढणे

वेग मोजणारे साधनच संथ चालते हा विनोद प्रत्येक नवखा करतो. आपणही तो एकदा करून घ्यावा आणि कामाला लागावे. कालरेषेच्या पानावर शेवटचे १०, ५०, २०० किंवा १,००० कमिट निवडता येतात. स्वतःच्या डेटाबेसमध्ये एखाद्या लहान स्क्रिप्टने काही हजार कमिट आणि तीस-चाळीस बेंचमार्क भरून १,००० ची निवड करावी. आता पान उघडायला लागणारा वेळ जाणवू लागेल.

कारण अंदाजाने शोधू नये. जँगोसाठी डिबग टूलबार नावाचे पॅकेज मिळते, ते बसवले की एका पानासाठी डेटाबेसला किती क्वेरी गेल्या आणि प्रत्येकीला किती वेळ लागला हे दिसते. बहुधा आढळणारा दोष असा: यादीतील प्रत्येक निकालासाठी त्याचा कमिट, आणि त्या कमिटसाठी त्याची ब्रँच, अशी वेगळी क्वेरी जाते, म्हणजे किराणा आणताना तूरडाळीसाठी एक फेरी, गुळासाठी दुसरी आणि मिठासाठी तिसरी. संबंधित कोष्टके एकाच क्वेरीत जोडून मागवण्याची सोय जँगोमध्ये आहे. क्वेरींची संख्या कमी झाली की ती पुन्हा वाढू नये म्हणून त्या पानासाठी चाचणी लिहावी. अमुक पान उघडताना नेमक्या इतक्याच क्वेरी व्हाव्यात असे सांगणारी पद्धत जँगोच्या चाचणी-संचात आहे. पुढे कोणी नकळत एक वाढवली तर चाचणी तिथेच अडवेल.

क्वेरी थोड्या असूनही पान संथ असेल तर इंडेक्सकडे, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठी डेटाबेस ठेवतो त्या सूचीकडे, पाहावे. ज्या चार गोष्टींनी निकाल शोधला जातो, म्हणजे कमिट, एक्झिक्युटेबल, बेंचमार्क आणि एन्व्हायर्नमेंट, त्यांवर एकत्रित इंडेक्स आधीच आहे का हे आधी तपासावे. असलेल्या इंडेक्सवर दुसरा टाकण्याची चूक फार सहज होते. पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली हे तोच समजावून सांगतो. ते वाचायला शिकण्यासाठी एक संध्याकाळ खर्च करावी.

डेटाबेस सुधारूनही हजार-दोन हजार ठिपके काढताना ब्राउझर अडखळत असेल तर ठिपके कमी करण्याचा विचार करता येतो. त्यासाठी २०१३ मध्ये आइसलँड विद्यापीठातील एका प्रबंधातून पुढे आलेली, त्रिकोणांच्या क्षेत्रफळावरून महत्त्वाचे ठिपके निवडणारी पद्धत बरीच वापरली जाते. तिने आलेखाचा आकार बऱ्यापैकी टिकतो. मला स्वतःला मात्र या साधनात ती फारशी रुचत नाही. गाळलेला ठिपका नेमका दोषी कमिटचा असू शकतो, आणि तो पाहण्यासाठीच माणूस या पानावर आलेला असतो. वापरायचीच असेल तर दूरच्या दृश्यापुरती वापरावी, आणि आलेखाचा तुकडा मोठा करून पाहिला की सर्व ठिपके परत दिसावेत.

पायरी पाचवी: खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण घटवणे

आधीच्या मोजणीपेक्षा ताजी मोजणी ठरावीक टक्क्यांहून अधिक बदलली की कोडस्पीड ती लाल किंवा हिरव्या रंगात दाखवते. हा उंबरठा मूळ मांडणीत ३ टक्के आहे, कल पाहण्यासाठीचा ५ टक्के, आणि दोन्ही सेटिंगमधून बदलता येतात. अडचण अशी की एकच उंबरठा सगळ्या बेंचमार्कना लागतो. आमच्या बेरजेच्या बेंचमार्कचा गोंगाट अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, त्यामुळे तिथे २ टक्क्यांची घसरणही खरी असते पण ती सुटते. फाइल वाचण्याचा बेंचमार्क डिस्कवर अवलंबून असल्याने ४ टक्के सहज हलतो आणि कारण नसताना लाल होतो.

थोडा हिशेब करून पाहावा. प्रत्येक बेंचमार्क शंभरातून एकदा उगीच लाल होत असेल आणि असे चाळीस बेंचमार्क असतील, तर दहा कमिटमागे सरासरी चार खोटे इशारे येतील. महिनाभरात माणसे लाल रंगाकडे पाहणे सोडून देतात, आणि मग खरा इशाराही त्यात बुडतो.

त्यामुळे सोपी सुधारणा म्हणजे बेंचमार्कनिहाय उंबरठा: बेंचमार्कच्या कोष्टकात एक ऐच्छिक रकाना, तो रिकामा असेल तर सर्वसाधारण उंबरठा. तिसऱ्या पायरीत काढलेला गोंगाटाचा आकडा इथे उपयोगी पडतो. याहून पक्की सुधारणा म्हणजे एका ठिपक्याची शेजारच्या एका ठिपक्याशी तुलना न करता आधीच्या अनेक ठिपक्यांच्या गटाची नंतरच्या गटाशी तुलना करणे. मोझिलाचे पर्फहर्डर हे साधन याच पद्धतीने चालते, आणि मोंगोडीबीच्या अभियंत्यांनी संपूर्ण मालिकेत पातळी कुठे बदलली ते शोधणारी संख्याशास्त्रीय पद्धत आपल्या चाचण्यांसाठी वापरली. तिची किंमत एवढीच की बदल झाल्यानंतर आणखी काही ठिपके येईपर्यंत थांबावे लागते. रोज पंचवीस कमिट येणाऱ्या प्रकल्पात हे थांबणे काही तासांचे असते, पण आमच्यासारख्या रविवारच्या प्रकल्पात ते महिनाभराचे होईल, म्हणून आम्ही उंबरठ्यावरच समाधान मानले आहे. आणखी एक मार्ग रस्ट भाषेच्या प्रकल्पाने घेतला आहे. तिथे कंपायलरची तुलना करताना वेळेपेक्षा प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचनांच्या संख्येवर भर देतात, कारण ती संख्या उष्मा किंवा शेजारचा प्रोग्रॅम यांमुळे फारशी हलत नाही. मात्र मेमरीची वाट पाहण्यात गेलेला वेळ तिच्यात दिसत नाही.

इशारा खरा ठरला की दोषी कमिट शोधण्यासाठी गिट बायसेक्ट आहेच. दर वेळी निम्मे कमिट बाद होत असल्याने हजार कमिटांतून दहाएक पावलांत उत्तर मिळते. गोंगाट मोठा असेल तर एका पावलावर चुकीचा निर्णय होऊन पुढचा सगळा शोध भलत्या निम्म्यात जातो, म्हणून प्रत्येक पावलावर अनेकदा मोजावे.

पायरी सहावी: ठिपक्याची कुंडली

मला विचारले तर हाताशी एकच महिना असलेल्याने ही सुधारणा आधी करावी. ठिपक्यावर क्लिक केल्यावर कमिट, लेखकाचा संदेश आणि प्रमाण विचलन यांच्यासोबत त्या दिवशीची कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती, पायथॉनची किंवा कंपायलरची आवृत्ती आणि किती किमतींवरून हा आकडा काढला हेही दिसले पाहिजे. ही माहिती मोजणी करतानाच गोळा करावी लागते, मागाहून आठवून भरता येत नाही. निकालाच्या कोष्टकात त्यासाठी एक जेसन रकाना (नाव-किमतींच्या जोड्या मजकुरात ठेवणारा) वाढवावा आणि तो ऐच्छिक ठेवावा, म्हणजे जुन्या स्क्रिप्ट मोडत नाहीत.

त्याबरोबर एन्व्हायर्नमेंटपाशी तारीखवार शेरा लिहिण्याची सोय करावी आणि तो शेरा आलेखावर उभ्या रेषेने दाखवावा: ‘पंखा बदलला’, ‘डिस्क बदलली’, ‘कर्नल अद्ययावत’. आमच्या त्या दोन रविवारांच्या आलेखावर आज ‘यंत्र बॅटरीवर’ अशी रेषा आहे, आणि नंतर आलेल्या कोणीही त्या उंचवट्याविषयी विचारलेले नाही.

पायरी सातवी: बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवणे

एका पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ प्रकल्पात घेण्याच्या विनंतीत) एकच बदल असावा. मायग्रेशन असलेला बदल आणि केवळ दिसण्यातला बदल कधीही एकत्र पाठवू नयेत. वेगाची सुधारणा असेल तर आधीची आणि नंतरची क्वेरींची संख्या, पान उघडण्याचा वेळ आणि डेटाबेसमधील नोंदींची संख्या हे तीन आकडे वर्णनात लिहावेत, आणि दृश्य बदल असेल तर दोन स्क्रीनशॉट जोडावेत. इंग्रजी साधे असले तरी चालते. नेमके आकडे दिलेल्या चार ओळी लांबलचक प्रस्तावनेपेक्षा लवकर वाचल्या जातात. उत्तराला काही आठवडे लागले तर ते मनाला लावून घेऊ नये, कारण पाहणारे लोक हे काम स्वतःच्या वेळातून करतात. तोवर आपल्या फोर्कवर तो बदल वापरत राहावे.

नवे मायग्रेशन स्वतःच्या चालू डेटाबेसवर चालवण्याआधी त्याची प्रत काढून ती दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. एसक्यूलाइटच्या बाबतीत सर्व्हर थांबवून एक फाइल कॉपी केली की झाले. हरवलेला कोड गिटमधून परत आणता येतो, पण तीन वर्षांपूर्वीची मोजणी पुन्हा करता येत नाही, कारण ज्या यंत्रावर ती झाली ते एव्हाना भंगारात गेलेले असते.